भोकरावरच्या कोळ्याचं बारसं

माझी धाकटी बहीण वसुधा प्राणिशास्त्राची प्राध्यापिका. गेल्या वर्षी तासगावच्या पुढे एका भोकराच्या पानावर तिला धुळीच्या कणाएवढा कोळी सापडला, पानाचा रस शोषणारा. माहीत असलेल्या एकाही प्रजातीत तो बसेना. नवी प्रजाती मांडायची म्हटली, तर हाती नमुना एकच, तोही काचपट्टीवर चुरगळलेला. इतर भोकरांवर वर्षभर शोधलं, मिळाला नाही. आता पुन्हा त्या पहिल्याच झाडाकडे जायचं होतं. "दादा, गाडी काढ," ती म्हणाली. "आणि वाटेत नाव सुचव. संस्कृत शिकलास त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे."

साताऱ्याहून सकाळी निघालो. महामार्ग सोडून रहिमतपूर, विटा, तासगाव असं गेलात तर गर्दी कमी. खड्डे मात्र ज्याचे त्यानं सोसावेत. रहिमतपुरात मिसळ खाल्ली, दोघांचे दीडशे. मी सहा-सहा अक्षरांची भारदस्त नावं काढत होतो.

"एवढासा जीव तो, दादा. नावाखाली चेंगरेल."

कोळी सापडला ते झाड तासगावपुढच्या एका गावात, एका सुभेदारांच्या बांधावर. सैन्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ आता द्राक्षबाग बघतात. वसुधानं येण्याआधी फोन केला होता. सुभेदार कडक इस्त्रीत सामोरे आले.

"या मॅडम. झाड बघा कसं चकाचक केलंय!"

गंधकाचा वास लांबूनच आला. वसुधा थबकली. "फवारलंत?"

"व्हय तर! तुमीच म्हनला न्हवं, कोळी हाय? पाव्हणं येनार आन् झाडावर कीड? बागंतला ब्लोअर लावून काल शेंड्यापासनं बुडापतूर धुतलं."

"म्या म्हनलं, आवं, त्यास्नी इचारा तरी," मागून त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "ऐकतील तर सुभेदार कसलं!"

या द्राक्षाच्या मुलखात अंगण सारवावं तसं झाड फवारतात. वसुधानं पिशवीतून भिंग काढलं. मग म्हणाली, "छान केलंत."

दुपारपर्यंत ती भिंगातून पानं बघत होती, मी फांद्या वाकवून धरत होतो. शिरांच्या कोपऱ्यातल्या लवीत काही कोळी अडकलेले होते. बारीक कुंचल्यानं एकेक उचलून तिनं अल्कोहोलच्या कुपीत सोडला.

"जिवंत?" मी हळूच विचारलं.

"एकही नाही. वर्णनाला मेलेलेच लागतात, दादा. एवढे पुरतील."

वर्षभर ज्याची वाट पाहिली ते हाती आलं होतं, आणि तिच्या आवाजात आनंद नव्हता.

जेवायला भाकरी, पिठलं आणि भोकराचं लोणचं. नंतर सुभेदारांनी जीपमधून शिवारातली आणखी भोकरं दाखवली. प्रत्येक झाडाशी वसुधा पानं उलटी करून बघे आणि नाही म्हणून मान हलवी. "बघा, समदी निरोगी!" सुभेदार खूश. परतीला साताऱ्यापर्यंत कुपी तिच्या मांडीवर होती. आमच्या शास्त्रांत मेल्यावर बारसं सांगितलेलं नाही.

वर्णन छापून आलं. माझी सगळी नावं बाद झाली. प्रजातीला तिनं त्या गावाचं नाव दिलं. मी वाद घातला नाही. परवा सुभेदारांचा फोन आला, तेव्हा मी तिच्याकडेच होतो.

"मॅडम, गावात पेढं वाटलं! झाडाची काळजी नगं. दर पंधरवड्याला फवारतोय."

वसुधानं डोळे मिटले. "सुभेदार, आता फवारू नका. ज्याला गावाचं नाव दिलं, तो त्या झाडावरच राहत होता. दुसरीकडं कुठं मिळालेला नाही."

"आवं मॅडम," सुभेदार अगदी हळू म्हणाले, "मग तवाच सांगायचं न्हाई व्हय?"

त्या वाटेला गेलात तर बांधावरचं ते भोकर जरूर बघा. पानं उलटाल ती मात्र हलक्या हातानं. कुणी उरलं असेलही.