धुराड्याच्या डावीकडची गच्ची

माझे काका डोंगरावर दुर्बीण दाखवतात. ते काय करतात असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगतो आणि समोरचा माणूस पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो. पुढचं वाक्य नाही. आमच्या गावामागच्या डोंगराच्या माथ्यावर पांढऱ्या घुमटाचं एक जुनं प्रार्थनास्थळ आहे. त्याच्या पुढ्यात दगडी कठडा, कठड्यापाशी तिपाईवर पितळी दुर्बीण आणि दुर्बिणीला खेटून काका. आत जाऊन डोळे मिटायचे आणि बाहेर येऊन उघडायचे, यासाठीच माणसं एवढा डोंगर चढतात, असं त्यांचं ठाम मत आहे.

आणि उघडावेत असंच तिथून दिसतं. एका अंगाला बंदर आणि त्याच्या क्रेन, दुसऱ्या अंगाला वळत वळत दीपगृहापर्यंत गेलेला किनारा, पायाशी गावाची छपरं आणि या सगळ्यापलीकडे, आता कुठे थांबावं हे न कळलेला समुद्र. पण काका म्हणतात, "समुद्र दोन मिनिटं बघतात रे. मग सगळे एकच विचारतात, आमचं घर दिसतं का?" मग काका ज्याला त्याला ज्याचं त्याचं घर दाखवतात. कुणाचं वाळत घातलेलं पांघरूण, कुणाचं नळ चालू राहिलेलं अंगण. एका गृहस्थांना तर त्यांच्याच दारातून त्यांची सायकल घेऊन जाणारा चोर दाखवला होता. गृहस्थ वरून ओरडत राहिले, चोर खाली निवांत निघून गेला.

या माणसाला स्वतःचंच घर... पण थांबा, आधी काकू.

काकू लग्न होऊन या गावात आली तेव्हा तिच्या ओळखीचं चिटपाखरू नव्हतं. काका सकाळी वर जायचे ते अंधार पडता पडता खाली. दिवसभर भिंतींशी बोलून काकू कंटाळली आणि एका संध्याकाळी रडली. काका गडबडले. म्हणाले, "अगं, मी काय परमुलखात आहे का? दुपारी वरची घंटा झाली की गच्चीवर ये आणि टॉवेल हलव. मी दुर्बिणीतून बघेन. म्हणजे दुपारी एकदा भेट झाली की नाही?"

झालं. तेव्हापासून तीसेक वर्षं, बाराची घंटा झाली की काकू गच्चीवर उभी राहून डोंगराकडे पांढरा टॉवेल हलवायची आणि काका समोर कितीही मोठं गिऱ्हाईक असो, "जरा सरका, घरचं काम आहे" म्हणून दुर्बीण फिरवायचे. संध्याकाळी दारातच हजेरी लागायची.

"दिसलीस हं आज."

"दिसले ना?"

एवढंच. पण एवढ्यावर त्या बाईने अख्खा संसार एकटीने ओढला.

कधीमधी काकांच्या बोलण्यात विचित्र काहीतरी यायचं. "पावडर जरा कमी लावत जा गं, वरून धूर निघाल्यासारखा दिसतो," असं ते म्हणायचे. काकू पावडर लावतच नव्हती. ती म्हणायची, मस्करी करतात मेले. मग एका वर्षी त्यांनी "अंगाने जरा भरलीस का?" असं विचारलं, आणि तेव्हापासून काकूने चहातली साखर सोडली. वाळून काडी झाली, तरी वरून आपली भरलेलीच.

ती कधी डोंगर चढली नव्हती. गुडघे हे एक कारण, पण खरं कारण निराळं होतं. आम्ही आग्रह केला की ती गंभीरपणे विचारायची, "मी वर आले तर खाली टॉवेल कोण हलवणार?"

यंदा डोंगरावर जायला रोपवे झाला आणि काकांनी हट्टच धरला. काकू तयार झाली, पण गच्ची रिकामी सोडून जाईल ती काकू कसली! निघताना तिने आपला टॉवेल गच्चीवरच्या दोरीला पसरून चिमटे लावले. मला म्हणाली, "माझ्या जागी हा. मी तिथून कशी दिसते ते मलाही कळू दे की एकदा."

रोपवेच्या पाळण्यात तिने डोळे गच्च मिटून माझं मनगट धरलं होतं. वर पोचल्यावर आधी घुमटाखाली जाऊन बसली, बराच वेळ बसली. बाहेर आली आणि समोरचं पाहून जागीच थांबली. "अहो, हे एवढं रोज बघता आणि घरी येऊन मला विचारता भाजी काय आहे?"

काका नव्या नवरदेवासारखे लाजले. दुर्बिणीची काच बाहीने पुसून त्यांनी ती नेमकी लावली. "बघ. बेकरीचं धुराडं दिसतंय? त्याच्या डावीकडची गच्ची. आपली."

काकूने डोळा लावला. "टॉवेल नाहीये."

"असेल गं. नीट बघ."

"नाहीये म्हणते ना. उडाला वाटतं वाऱ्याने. अरे, चिमटे लावले होते ना मी?"

मी मान डोलावली, आणि तेवढ्यात डोक्यावर घंटा वाजली. काकू दुर्बिणीला तशीच चिकटलेली होती. तिचा हात हळूहळू वर आला आणि हवेतच राहिला.

"अहो," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "आपल्या गच्चीवर बाई आहे."

"तूच असशील," काका सवयीने म्हणाले.

"मी इथे आहे!"

काकांचं तोंड उघडं पडलं. दर्शनाला आलेली चार माणसंही आमच्याकडे वळली. काकूचा आवाज आता घुमटाला धडकून परत येत होता. "बाई आहे! आणि टॉवेल हलवतेय! तुम्हाला! कोण आहे ती?"

"मला काय माहीत!" काका म्हणाले. जगातल्या कुठल्याही नवऱ्याने अशा वेळी देऊ नये असंच हे उत्तर होतं.

काकूने पुन्हा डोळा लावला. मग तिचे खांदे खाली आले. "पाय फाकवून उभी आहे. कमरेला नॅपकिन खोचलाय... अगंबाई! ही तर शेजारची बेकरीवाली! पिठाचं फडकं झटकतेय!"

मीही पाहिलं. सकाळची शेवटची भट्टी काढून बेकरीवाली दोन्ही हातांनी फडकं झाडत होती आणि तिच्याभोवती पिठाचा ढग उठला होता. मी दुर्बीण केसभर सरकवली. धुराड्याच्या उजवीकडे, दुसऱ्या गच्चीवर, दोरीला एक पांढरा टॉवेल चिमट्यात अडकून एकटाच फडफडत होता.

मग लक्षात आलं. रस्त्यात उभं राहून बघितलं की आमचं घर धुराड्याच्या डावीकडे. पण तेव्हा तोंड डोंगराकडे असतं. डोंगरावरून बघताना तोंड समुद्राकडे. गावाला घरं दाखवणाऱ्या माणसाने स्वतःचं घर मात्र रस्त्यावरून पाठ केलं होतं.

काका मटकन कठड्यावर बसले. "म्हणजे इतकी वर्षं मी..."

"बेकरीवालीला बघत होतात," काकू म्हणाली. "साखर सोडली मी चहातली." यावर मला हसू फुटणार होतं, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते आवरलं. "आणि मला टायफॉइड झाला होता तेव्हा? उठता येत नव्हतं. तरी तुम्ही आलात आणि म्हणालात, दिसलीस हं. मला वाटलं, माझं मन राखायला खोटं बोलतात. त्या एका खोट्यासाठी मी तुमचे किती गुन्हे माफ केलेत, माहितीये? आणि ते खरंच होतं! बाई दिसली होती तुम्हाला!"

मग काकू समुद्राकडे बघत म्हणाली, "म्हणजे मला कुणीच बघत नव्हतं."

परतीच्या पाळण्यात तिने डोळे मिटले नाहीत. माझं मनगटही धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला वर बोलावून घेतलं. एकट्याने दुर्बिणीला डोळा लावायची त्यांची छाती नव्हती. घंटा झाली. त्यांनी धुराड्याची उजवी बाजू धरली.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"आली आहे." मग, "केस केवढे पांढरे झालेत रे तिचे." जिच्याशेजारी रोज झोपतात त्या बाईबद्दल ते हे बोलत होते. "टॉवेल नाहीये हातात. नुसती उभी आहे. हाताची घडी घालून."

"हलवत नाही?"

"का हलवेल?"

ते एकदम उठले. दुर्बिणीवर घालायचं हिरवं ताडपत्रीचं आवरण त्यांनी ओढून काढलं आणि साठी उलटलेला हा माणूस चक्क कठड्यावर चढला. मी घाबरून त्यांचे पाय धरले. काका दोन्ही हातांनी ते आवरण हलवत होते, डोक्यावरून, डावीकडून उजवीकडे, गिऱ्हाइकं बघताहेत, घुमटाखालचा रखवालदार "अहो, खाली उतरा!" म्हणून धावत येतोय. तीस वर्षांत वरून खाली हात हलवावा हे दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. आणि हे सुचलं तेव्हा दुर्बिणीला डोळा लावायला काका मोकळे नव्हते, आणि त्यांचे पाय सोडायची माझी हिंमत नव्हती. खाली ती काय करतेय हे दोघांनाही कळेना.

संध्याकाळी आम्ही दारात उभे राहिलो. काका चपला काढायचंही विसरले होते. काकू भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही.

"डोंगरावर काहीतरी हिरवं हलत होतं दुपारी," ती म्हणाली.

"मी होतो," काका म्हणाले.

"कशावरून? एवढ्या लांबून मला काय कळणार? रखवालदारही असेल."

काका हबकले. माझ्याकडे बघायला लागले, साक्ष दे म्हणून. काकूने सुरी खाली ठेवली, पदराने डोळे पुसले आणि कांद्याला दोष दिला. चिरत होती ती भेंडी.

"उद्या जरा जास्त वेळ हलवा," ती म्हणाली. "म्हणजे खात्री होईल."