साडूंची होडी

जगातल्या प्रत्येक गोष्टीचा शेवट बुडण्यातच होतो, यावर माझ्या साडूंइतकी गाढ श्रद्धा असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. सावद्याजवळ त्यांची केळीची बाग आहे आणि केळीवाल्याला वादळाची धास्ती असायचीच, हे मला मान्य. पण आमच्या साडूंना धास्तीसाठी वादळ लागत नाही. आभाळ निरभ्र असलं तर ते अधिकच अस्वस्थ होतात. "एवढं मोकळं आभाळ बरं नही भो," म्हणतात. धरणगावला एका लग्नात सगळे जिलेबीवर तुटून पडले होते, तेव्हा हे मांडवाचे खांब एकेक करून हलवून पाहत होते. त्यातला एक त्यांच्याच हलवण्यानं सैल झाला आणि मग उरलेलं जेवण त्यांनी तो खांब धरून उभ्यानं केलं. गावाला निघाले की कोपऱ्यावरून परत येऊन कुलूप ओढून बघतात, आणि ते नीट लागलेलं दिसलं की कुणीतरी दुसरी किल्ली करून घेतली असणार, अशी शंका काढतात. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी, त्यामुळे हा माणूस मला टाळता येत नाही. पण खरं सांगू? जळगावात माझ्या घरी त्यांचा फोन आठवडाभर आला नाही, तर मलाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

तर अशा माणसानं होडी घ्यायचं ठरवलं. त्याला कारण नातवंडं. मुलगा पुण्याला नोकरीला, नातू दुसरीत, नात बालवाडीत. गेल्या मे महिन्यात ती दोघं आली, पण आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन म्हणजे दाराबाहेर पाय टाकायची सोय नाही. मुलं दिवसभर मोबाईलमध्ये तोंड घालून बसली. निघताना नातू म्हणाला, "आजोबा, इथे काही करायलाच नसतं. मासे पकडायला नेणार असाल तरच मी पुढच्या वेळी येईन." साडू तेव्हा हसले आणि संध्याकाळी मला फोन केला. "भो, पोरं आता येत नहीत. बुडलं सारं." त्या आवाजात नेहमीची कटकट नव्हती. पहिल्यांदाच मला वाटलं, हा माणूस खरोखर घाबरला आहे.

आता घर पिढ्यान्‌पिढ्या माळकरी. मासा त्यांनी ताटात सोडा, बाजारातही नीट पाहिलेला नाही. साडूंच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्कांनी निकाल दिला, "मासा या घराची पायरी चढला, त मी उतरली." शेवटी मासा धरायचा, मुलांना दाखवायचा आणि परत पाण्यात सोडायचा, असा तह झाला.

होडी मात्र जमेना. पुढचे सगळे महिने या गृहस्थांनी मला पाठीशी बांधून होड्या पाहिल्या. चाळीसगावला एका भंगारवाल्याकडे बंद पडलेल्या बागेतली हंसाच्या आकाराची होडी होती. मला ती आवडली. साडू तिच्याभोवती फिरले आणि म्हणाले, "एवढी मान! वारा आला की आधी मान वाकीन, मंग पोरं." रबराची हवा भरायची होडी मी मोबाईलवर दाखवली, तर त्यांनी मला तापीच्या काठावरच्या काटेरी बाभळी दाखवल्या. तापीच्या धरणामागच्या फुगवट्यात भोई लोकांच्या लाकडी होड्या असतात. त्यातली एक निमुळती, चपळ होडी बघून म्हणाले, "ही पळाले चांगली, बसाले नही." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. लहान मुलांसाठी होडी रुंद हवी, बूड सपाट हवं, कड उंच हवी, बसायची जागा खाली हवी, हे त्यांनी दहा जणांना विचारून पक्कं केलं होतं. पण तशी मिळाली तरी ते घेत नव्हते. शेवटी एक रुंद, पत्र्याची, परातीसारखी होडी सापडली. मालक म्हणाला, "भाऊ, हिच्यात म्हैस बसवा, हलाची नही." साडूंनी विचार केला आणि म्हणाले, "म्हशीले पोहता येतं." मी कपाळावर हात मारून घेतला.

अखेर त्यांनी आपल्या धंद्यातला उपाय काढला. बागेतून केळीचे दोन घड तोडून आणले, एक नातवाच्या वजनाचा, एक नातीच्या. घडांना जुन्या गोधड्या गुंडाळल्या आणि त्याच पत्र्याच्या होडीत मुलांच्या जागी बसवलं. मग स्वतः होडीत शिरून ती डावीउजवीकडे हलवली, वल्हं आपटलं, एका जाण्यायेणाऱ्या बोटीच्या लाटाही अंगावर घेतल्या. घड जागचे हलले नाहीत. एकाही केळ्यावर डाग पडला नाही. काठावर येऊन साडू चक्क हसले. होडी घेतली.

दिवाळीला मुलं आली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फुगवट्यावर गेलो. मुलांना तरंगणारी जाकिटं, त्यावर ट्यूब, आणि होडीला दोर, ज्याचं दुसरं टोक काठावरच्या बाभळीला. नातू म्हणाला, "आजोबा, ही होडी पुढे का जात नाही?" साडूंनी ऐकलं नाही. ते सांगत होते, "उठाचं नही. काही झालं तरी उठाचं नही." साडूंचा मुलगा आणि मी काठावर उभे होतो, मुलगा मोबाईलवर चित्रण करत होता. तेवढ्यात नातीच्या गळाला मासा लागला. आणि केळीच्या घडांनी जे कधीच केलं नव्हतं ते मुलांनी केलं. दोघंही एकदम एकाच बाजूला धावली. होडी त्या बाजूला कलली, ओंजळभर पाणी आत आलं, आणि होडी पुन्हा सरळ झाली. शंभर नंबरी होडी होती ती. पण साडू तोवर "पोरं!" म्हणून ओरडत ताडकन उभे राहिले होते. ते पाण्यात गेले.

पाणी कमरेएवढंच होतं, पण साडूंना ते कळायला वेळ लागला. वर आले तेव्हा टोपी गेलेली, मिशीतून पाणी गळतंय, आणि होडीत दोन्ही मुलं पोट धरधरून हसताहेत. मासा केव्हाच सुटला होता. मुलगा मात्र हसला नाही. संध्याकाळी म्हणाला, "बाबा, तुम्हाला काही झालं असतं तर? आता तुम्हीच पुण्याला या. पोरांना इकडे आणायला नको." साडू मान खाली घालून बसले. अक्का उठून आत गेल्या. मला त्या घरात बसवेना.

त्यानंतर त्यांचा फोन नाही. मी केला की अक्काच उचलायच्या. "फुगवट्यावर आहेत," म्हणायच्या, "होडीजवळ." मग एकदा त्यांचा स्वतःचा फोन आला, धापा टाकत. नातीनं पुण्याहून फोनवर त्यांना विचारलं होतं, "आजोबा, तुम्ही परत पाण्यात पडणार आहात का? मग आम्ही येतो."

मी रविवारी गेलो. साडू फुगवट्यावर होते, भिजलेले. होडीच्या कडेवर बसायचे, मागे झुकायचे, आणि धपकन पाण्यात. मग बाहेर येऊन होडी किती हलली ते बघायचे. "ह्या बाजूनं पडलं की फार हलते भो. मागून पडलं त पोरायले धक्का लागत नही," असं मला समजावून सांगितलं. ओठ निळे पडले होते.

"मुलं नक्की येताहेत का, भाऊ?" मी विचारलं.

"पोरगा बघू म्हनला." ते पुन्हा होडीच्या कडेवर चढून बसले. "त्यानं बघू म्हटलं म्हंजे नही, हे मले मालूम आहे. पन आलीच, आनि मले पडता नही आलं त?"

बोटांनी नाक दाबून ते पुन्हा मागे झुकले. मला खरं तर पोटभर हसायचं होतं. पण ते वर येईपर्यंत टॉवेल हातात धरून उभं राहण्यापलीकडे माझ्याच्यानं काही झालं नाही.