खिळ्यावरचं जुळं

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान सुतार आहेत. मी त्यांना जावईबापू म्हणतो. तीस वर्षांपूर्वी थट्टेत म्हणायला लागलो आणि तेच नाव पडलं. त्यांचं दुकान घराच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या छपराखाली आहे. माणूस अबोल. कुणी खुर्ची दुरुस्तीला आणली, की आधी तिच्यावर बसतात, डोळे मिटून जरा डावीउजवीकडे हलतात आणि कुठला सांधा ढिला झालाय ते सांगतात. गिऱ्हाईक काय सांगतंय, त्याकडे लक्ष देत नाहीत.

त्यांची मोटारसायकल लग्नाच्याही आधीची. ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, सुटे भाग मिळेनासे झाले. सीटखालचा पत्रा गंजून गळून पडला, तेव्हा त्यांनी तिथे फळी बसवली. फळी छान बसली, म्हणून मग बाजूची झाकणं सागवानाची केली. टाकीला गुडघे टेकतात तिथे शिसवीचे तुकडे घासूनपुसून असे बसवले, की हात फिरवावासा वाटावा. रस्त्यात लोक गाडी थांबवून विचारू लागले. बहीण म्हणायची, "आता चाकं तेवढी राहिलीत. तीही करा आणि पुढे बैल जोडा."

ही गाडी आता माझी भाची चालवते. लहानपणी ती दिवसभर दुकानातल्या भुशात बसून असायची, रंगवायची राहिलेली लाकडी बाहुली दिसायची, म्हणून बापाने तिला ठकी म्हणायला सुरुवात केली. ठकी डोंगरापलीकडच्या दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. रोज घाट चढायचा, पलीकडे उतरायचं आणि संध्याकाळी तसंच परत.

गेल्या वर्षी जावईबापूंनी हँडल करायला घेतलं. शेजारच्या वेल्डरने त्यांना समजावलं होतं. "मिस्त्री, लाकूड बसायला ठीक, टेकायला ठीक. धरायला लोखंडच पाहिजे." यांनी बाभळीच्या नऊ पातळ पट्ट्या वाफेवर मऊ करून वाकवल्या, एकीवर एक सरसाने चिकटवल्या आणि शिकंज्यात आवळून ठेवल्या. आठ महिने ते काम चाललं होतं. झालं तेव्हा वेल्डरही येऊन बघून गेला. जावईबापू त्या दिवशी शीळ घालत होते. मी तरी ती पहिल्यांदाच ऐकली.

त्यांची एक पद्धत आहे. गाडीचा कुठलाही भाग ते एकटा करत नाहीत. एकाच फळीतून, एकाच दिवशी दोन करतात. एक गाडीवर चढतो, दुसरा दुकानातल्या खिळ्यावर. त्याला ते जुळं म्हणतात. "लाकूड कापलं म्हणून गप्प बसत नाही, दादा," त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, "आत काहीतरी चालूच असतं. गाडीवरचा भाग रोज उलगडून बघता येत नाही. मग याच्याकडे बघायचं." मी वाणिज्य शाखेचा माणूस, एक प्रत कामावर आणि दुसरी हाताशी, ही रीत मला मनापासून पटली. हँडलच्या जुळ्याला तर त्यांनी दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या टांगल्या होत्या. ठकीच्या हातांचा भार पडतो तेवढा.

शनिवारी मला सुट्टी असते. त्या शनिवारी सकाळी मी त्यांच्याकडे निघालो, तेव्हा फाटकातच ठकी भेटली. हेल्मेटच्या आतून "मामा, चहा ठेवलाय" म्हणाली आणि निघून गेली. मी मागे दुकानात गेलो. जावईबापू रंधा मारत होते. मी स्टुलावर बसलो आणि समोर सहज नजर गेली.

"ही डावीकडची पिशवी खाली आलीय का हो?"

त्यांनी मान वर केली. रंधा तसाच फळीवर ठेवून ते भिंतीशी गेले आणि जुळं उतरवलं. कुठे काय झालंय ते त्यांनी शोधलं नाही. अंगठा सरळ मधल्या भागावर गेला, जिथे गाडीवर हँडल पकडीत आवळलेलं असतं. अंगठ्याचं नख तिथल्या एका बारीक रेघेत शिरलं आणि आतच राहिलं.

"ठकी गेली?"

"आत्ताच. दहा मिनिटं झाली असतील."

बहीण चहा घेऊन आली होती. तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग हातातल्या वस्तूकडे. तिला काही विचारावं लागलं नाही. तिने कप खाली ठेवून फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

"उचलणार नाही ती," बहीण म्हणाली. "गाडी चालवताना फोन डब्यात ठेवायचा, हा तुमचाच नियम ना?"

माझी कार बाहेर होती. जावईबापू जुळं मांडीवर घेऊन शेजारी बसले. मी गाडी सावकाश चालवतो, त्यावरून घरात माझी चेष्टा होते. गाव सुटल्यावर ते एवढंच म्हणाले, "दादा, आज चाळीसच्या वर न्या." मी साठवर नेली. तिच्या मुठींखाली आत्ता काय असेल, हा विचार डोक्यातून जाईना. एक गोष्ट मला गाडीत बोलायची होती, पण जिभेवर येऊन परत जात होती.

घाट लागला. प्रत्येक वळणाला जावईबापू खिडकीतून बाहेर वाकून कठड्याकडे बघायचे, मग कठड्याच्या पलीकडे. तिसऱ्या वळणावर माणसं जमलेली दिसली. माझा पाय ब्रेकवर कधी गेला ते कळलं नाही. जावईबापू गाडी थांबायच्या आधीच उतरले. दोघं एका टेम्पोचं चाक बदलत होते, बाकीचे उभे राहून सल्ले देत होते.

"लाकडाची मोटारसायकल गेली का इथून?" त्यांनी विचारलं.

"लाकडाची?" त्यातला एक हसला. मग यांचं तोंड बघून हसू आवरलं. "नाही बघितली, काका. आम्ही खाली बसलो होतो."

पुढची चार वळणं जावईबापूंचे ओठ हलत होते. वळणं मोजत होते की आणखी काही, मला ठाऊक नाही. माथ्याच्या अलीकडे कठड्यावर लाल हेल्मेट ठेवलेलं दिसलं. गाडी कठड्याला टेकवून उभी होती. ठकी नव्हती.

जावईबापूंनी हाक मारली. तो आवाज त्यांचा वाटला नाही. उत्तर आलं नाही. ते कठड्याला धरून खाली बघायला लागले आणि मी मात्र कारपाशीच उभा राहिलो. माझ्याच्याने पुढे जाववेना.

"बाबा? तुम्ही कसे इथे?"

ती उतारावरच्या झुडपांतून वर येत होती. हातात एक सरळ, जाडसर फांदी होती. ओढणी गळ्यात नव्हती, कमरेला गुंडाळलेली होती.

"हँडल कुरकुरत होतं," ती म्हणाली. "दोन वळणं ऐकलं आणि थांबले. आता फांदी लावून ओढणीने आवळते. पलीकडे उतरेपर्यंत टिकेल."

पलीकडे अकरा वळणं उताराची आहेत. ती हे बापासारख्याच शांतपणे सांगत होती. हाड मोडल्यावर पट्टी बांधावी तसं.

जावईबापूंनी तिच्या हातातली फांदी घेऊन खाली टाकली. डब्यातला पाना काढला. बोल्ट सोडताना पाना दोनदा हातातून पडला. त्या हातांनी केसाएवढी रेघ मारताना मी पाहिलेली आहे. पकड सुटली. त्यांनी हँडल उचललं, जरासं ओढलं. ते दोन तुकडे होऊन दोन हातांत आलं. आवाजही फारसा झाला नाही.

ठकी बघत राहिली. मग रस्त्याच्या कडेलाच खाली बसली आणि दोन्ही मुठी मिटून मांडीवर ठेवल्या. "मी पट्टी बांधणार होते," ती स्वतःशीच म्हणाली.

तेव्हा मला बोलावं लागलं. "जावईबापू, मागच्या शनिवारी ती रेघ मला दिसली होती. मला वाटलं, लाकडाचीच असेल. तुम्हाला काय शिकवायचं, म्हणून बोललो नाही."

ते बराच वेळ दोन्ही तुकडे जुळवून बघत होते.

"मला बुधवारीच दिसली होती, दादा," ते म्हणाले. "त्या शनिवारच्याही आधी. म्हटलं, सरस वाळल्याची रेघ आहे. रोज सकाळी बघायचो आणि रोज तेच म्हणायचो. नख लावलं नाही." दोन्ही तुकडे खाली ठेवून म्हणाले, "लावलं असतं तर कळलं असतं ना."

ठकीने बापाकडे पाहिलं. परतीच्या वाटेवर ती कारच्या मागच्या सीटवर झोपल्यासारखी डोळे मिटून होती. झोपली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जावईबापू स्वतः वेल्डरकडे गेले आणि लोखंडी हँडल करायला सांगितलं. वेल्डरने माप घेतलं, "कुठला रंग मारू?" एवढंच विचारलं. त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं जावईबापू नंतर म्हणाले.

सीटखालची फळी, झाकणं, टाकीवरचे शिसवीचे तुकडे अजून तसेच आहेत आणि प्रत्येकाचं जुळं खिळ्यावर आहे. ठकी निघायच्या आधी ते एकेकाला नख लावून बघतात, तोवर तिला किल्ली मिळत नाही. मग ती पोचल्याचा फोन येईपर्यंत रंधा हातात घेत नाहीत. शनिवारी मी गेलो, की मलाही भिंतीपाशी नेतात. "तुम्हीही बघा, दादा. माझे डोळे मला पाहिजे तेच बघतात."

मी चष्मा पुसून बघतो. काही नाही, असं सांगतो. आणि फोन येईपर्यंत मीही स्टुलावरून उठत नाही.