ईशान्येकडची गॅलरी

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. घरातून निघताना गॅस बंद आहे का हे मी बघते, जिना उतरते आणि पुन्हा वर जाऊन बघते. आई म्हणते, मन चिंती ते वैरी न चिंती. अशा स्वभावाच्या मुलीने सिव्हिल इंजिनिअरिंग घ्यावं, ही मुळात गंमतच.

धुळ्याच्या कॉलेजात तिसरं वर्ष संपलं, तेव्हा उन्हाळ्यात इंटर्नशिप करणं सक्तीचं होतं. वर्गातल्या निम्म्या जणांनी ओळखीच्या कुणाकडून सर्टिफिकेट आणायचं आणि सुट्टी कूलरसमोर काढायची, असं ठरवून टाकलं. मीही तेच केलं असतं, पण आमच्या सरांनी मला जळगावच्या एका ठेकेदाराकडे धाडलं. म्हणाले, "पुस्तकातलं तुला येतं. आता चार माणसांत बोलायला शीक." बोलायला शीक म्हणजे इंग्रजीतून न अडखळता प्रेझेंटेशन द्यायला शीक, असं मी समजले. आम्हा सगळ्यांचाच तसा समज होता.

मी जळगावला मावशीकडे राहायला गेले. ठेकेदार मूळचे भडगावचे, साइटवर सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. मी धुळ्याची म्हटल्यावर ते माझ्याशी सरळ अहिराणीतच सुरू झाले. मी मात्र पुस्तकी मराठीत उत्तरं द्यायची, कारण साइटवर आपण इंजिनिअर दिसलं पाहिजे असं मला वाटायचं. काम नशिराबादच्या बाजूला, नव्याने पडलेल्या प्लॉटांवर होतं. एका धान्याच्या व्यापाऱ्याचा दुमजली बंगला. शेठजींचे पणजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठजी आमच्यापेक्षा पक्के जळगावकर. भरताच्या वांग्यावर ते तासभर बोलू शकत.

पहिल्या मजल्याचा स्लॅब पडायचा होता. आमच्याकडे स्लॅबचा दिवस म्हणजे घरचं कार्यच. पूजा, नारळ, पाहुणे आणि सगळ्या मजुरांना जिलेबीचं जेवण. मुहूर्त काढलेला होता, आणि काँक्रीटचं पहिलं घमेलं शेठजींच्या हातून ईशान्य कोपऱ्यात पडायचं होतं. ईशान्येला होती रस्त्याकडची गॅलरी.

गॅलरी एका बाजूने घरात अडकलेली असते आणि बाकी हवेत असते. हात आडवा पसरून भरलेली बादली धरली, की ताण खांद्याच्या वरच्या बाजूला येतो. गॅलरीचंही तसंच. म्हणून तिच्या मुख्य सळया स्लॅबच्या वरच्या अंगाला असाव्या लागतात. त्या तळाशी बसल्या, तर खालचे टेकू काढल्यावर गॅलरी कोसळू शकते. माझं बाकी ज्ञान कच्चं असेल, पण हे पक्कं होतं, कारण परीक्षेला हमखास येतं.

आदल्या संध्याकाळी मी सळया पाहिल्या होत्या. वाकवलेल्या तुकड्यांच्या खुर्च्या खाली लावून त्या नीट वर उचललेल्या होत्या. सकाळी पूजा झाली ती नेमकी त्यांच्यावर. भटजी, शेठजी, शेठाणी, मुलगे, कडेवर लेकरू घेतलेली सून, पाहुणे, सगळे त्या जाळीवर उभे. हळदकुंकू वाहून झालं, नारळ फुटला. मग फोटोवाला "अजून थोडं मागे, अजून थोडं" करत राहिला, आणि सगळं कुटुंब गॅलरीच्या टोकापर्यंत सरकलं. त्यांच्या पायांखाली लोखंड कुरकुरलं ते मी ऐकलं.

मंडळी बाजूला झाल्यावर मी वाकून पाहिलं. खुर्च्या लोळल्या होत्या. सळया तळाच्या फळ्यांना जवळजवळ टेकल्या होत्या.

 नकाशा काढणाऱ्या इंजिनिअर साहेबांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. खाली मिक्सर सुरू झाला. मी भाऊंकडे गेले आणि जे तोंडाला आलं ते बोलले, "भाऊ, टॉप रिइन्फोर्समेंट डिस्प्लेस झालंय, इफेक्टिव्ह डेप्थ मिळणार नाही."

"काय व्हयनं पोरी?" भाऊ मिक्सरकडे बघतच म्हणाले. "मंग सांग. मुहूर्त निंघी जाई."

मी गप्प बसले असते तर मला कुणी बोल लावला नसता. उन्हाळ्यापुरती आलेली पोर, तिला कोण विचारतं? चारचौघांत, पूजेच्या जागी, वडीलधाऱ्या माणसांना "थांबा" म्हणायचं या विचारानेच मी दोन पावलं मागे सरकले होते. पण सुनेच्या कडेवरचं ते लेकरू अजून सळयांकडे बघून हात हलवत होतं. माझ्याजवळ भीतीला काय तोटा! त्या दिवशी दोन भीत्या एकमेकींना भिडल्या, आणि गॅलरी पडण्याची मोठी निघाली.

मी पुन्हा भाऊंजवळ गेले, अगदी कानाशी. घरी आजीशी बोलते ती भाषा आपोआप तोंडात आली. "भाऊ, तुमीन काल बांधं ते बराबर व्हतं. मी सोता देखं. पूजामा मान्से चढनात, त्यामा खाले बसनं."

आता मात्र भाऊ वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. उठले तेव्हा चेहरा उतरला होता. "तुनं बराबर शे," ते हळूच म्हणाले, "पन शेठले कोन सांगी? पूजामा बिघडनं आसं?"

"मी सांगते," असं मी म्हणून बसले. कशाच्या बळावर, ते मला आजही सांगता येणार नाही.

घमेलं हातात घेऊन शेठजी तयारच होते. मी म्हटलं, "शेठजी, पूजा छान झाली. आता गॅलरीच्या सळया जरा वर उचलून घ्यायच्या आहेत. थोडा वेळ लागेल."

"आणि मुहूर्त?"

"मुहूर्त चुकवायचा नाही. गॅलरीमागची खोलीही ईशान्येलाच आहे. पहिलं घमेलं तिथे टाका. काम आतून सुरू होईल, गॅलरी शेवटी भरू."

शेठजींनी भटजींकडे पाहिलं. भटजींना जिलेबीचा वास आला असावा. "चालतं की," ते म्हणाले. घमेलं खोलीत पडलं, टाळ्या वाजल्या.

गॅलरीच्या सळया दोन कामगारांनी माझ्यासमोर उचलल्या, नव्या खुर्च्या लावल्या. मग मी तिथेच एका फळीवर उभी राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर ओरडत राहिले, "सळईवर पाय नको! फळीवरून या!" घसा बसला. हे सगळं नीट पार पडलंही असतं, पण दुपारी खालून निरोप आला की मिक्सरमध्ये पाणी जास्त पडतंय, म्हणजे काँक्रीट कच्चं राहणार. मी बघायला उतरले, वाद घातला, पाणी कमी करून घेतलं आणि वर आले. तोवर गॅलरी भरून झाली होती. वर गुळगुळीत ओलं काँक्रीट चकाकत होतं. आत सळया कुठे आहेत, हे आता कुणालाच दिसणार नव्हतं.

भाऊंना तेव्हाच विचारायला हवं होतं. पण सकाळी एवढं बोलून झाल्यावर पुन्हा काय तेच तेच, म्हणून मी थांबले. आणि मग पुढचे तीन-चार आठवडे मला सुख म्हणून लाभलं नाही. रोज सकाळी आधी गॅलरीवर जाऊन चीर दिसते का बघायची. रविवारी धुळ्याला जाताना बसच्या खिडकीतून लोकांच्या गॅलऱ्या बघायच्या. स्वप्नातही टेकूच दिसायचे. मावशी म्हणाली, "पोरी, घर त्यांचं, वाळतेयस तू."

टेकू काढायचा दिवस आला. भाऊ होते, शेठजी होते, आणि वर गॅलरीच्या दारात लेकराला घेऊन सून उभी होती. मी वर गेले, तशी तिने मला विचारलं, "ताई, टेकू निघाले की याला घेऊन इथे उभं राहिलं तर चालेल ना? भरताना तुम्ही होतात ना इथे?"

"हो" म्हणणं किती सोपं होतं. सगळ्यांना तेच हवं होतं. मलाही.

"नव्हते," मी म्हटलं. "त्या वेळी मी खाली होते." आणि शेठजींच्या देखतच खाली भाऊंना हाक मारून विचारलं, "भाऊ, भरताना सळया वरच होत्या ना?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता खाते शिव्या. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"मी बी नव्हतो," ते म्हणाले. "शेठजीसंगे जेवाले बशेल व्हतो."

 म्हणजे न बघणारी मी एकटीच नव्हते, सळया कुठे आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. सुनेने लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि उंबऱ्याच्या आत एक पाऊल सरकली.

या खेपेला साहेबांनी फोन उचलला. मी सगळं सांगितलं, माझ्या भाषेत, एकही मोठा शब्द न वापरता. त्यांनी सांगितलं तसं केलं. टेकू काढायचे नाहीत, फक्त बोटभर खाली उतरवायचे. मग गॅलरीवर वाळूच्या गोण्या रचायच्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत टेकू आणि गॅलरी यांच्यामधल्या फटीवर लक्ष ठेवायचं. फट मिटायला लागली तर गॅलरी खाली येतेय असं समजायचं, पण टेकू तिला झेलतील. गोण्या चढत होत्या तेव्हा भाऊ माझ्या शेजारी उकिडवे बसले होते. एकेका गोणीगणिक मी फटीत बोट घालून बघायची आणि तेही बघायचे. 

सकाळी फट तेवढीच होती. वरच्या अंगाला कुठे चीर नव्हती. साहेब स्वतः आले, बघून गेले, आणि मग गोण्या उतरल्या, टेकू निघाले.

साहेबांनी चालेल म्हणून सांगितलं असतानाही सुनेने माझ्याकडेच पाहिलं. "आता?"

"आता हो," मी म्हटलं.

ती बाहेर आली आणि लेकराला खाली सोडलं. ते धावत थेट टोकाच्या तात्पुरत्या कठड्याला जाऊन लोंबकळलं. सगळे हसले. मी हसले नाही. मी त्याच्या पायांखालची फरशी न घातलेली करडी जमीन बघत होते. तिच्यावर मी "हो" म्हटलं होतं, आणि तो शब्द आता मला परत घेता येणार नव्हता.