दगड लागलेला खड्डा

मैदानात डबे पुरले होते दहा. बिजली कुत्री बसली अकरा ठिकाणी. तरी टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, "एक ज्यादा चलता है. कमी नक्को."

मी किचनच्या दारात उभी होते. अकरावी जागा मला माहीत होती.

पोलिसांच्या कुत्र्यांच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये मी स्वयंपाकाला होते. घरून, चिक्कडपल्लीहून, दोन बस बदलून जायचे. आमच्या गल्लीत नुकतं केबल आलं होतं, तेव्हाची गोष्ट. जंगलातल्या रस्त्यांवर सुरुंग पुरलेले असत. त्यांचा वास आला की कुत्र्याने भुंकायचं नाही, तिथेच गुपचूप बसायचं. याला इंडिकेशन म्हणतात. कुत्रं बसलं नाही, तर मागची माणसं पाऊल टाकतात.

सरावाच्या डब्यांत सुरुंगातलाच मसाला, म्हणजे स्फोटक, थोडा घालत. डबे पुरायचं काम बिजलीच्या हँडलरचं नव्हे, दुसऱ्या हवालदाराचं. तो लांबच्या रजेवर गेला. हँडलर यादगिरीचे गुडघे धरलेले. तो म्हणाला, "अम्मा, तुम्हीच पुरा." महिनाभर मीच पुरत होते. आणि बिजलीला रोज भात-मटण घालणारी पण मीच.

परीक्षेच्या त्या दिवशी एका खड्ड्यात दगड लागला. मी तो तसाच बुजवला. डबा घातलाच नव्हता. अकरावी जागा ती.

मी यादगिरीला गाठलं. "अन्ना, ती मसाला हुंगत नाही. माझे हात हुंगते."

"नक्को अम्मा, साहेबांना नक्को सांगू. मेमो मिळेल मला."

"सोमवारी ती जंगलात ड्यूटीवर जाणार. तिच्यामागे पहिला पाय कुणाचा?"

त्याने गुडघ्यांवर हात टेकले. मग स्वतःच उठून साहेबांकडे निघाला.

साहेबांपुढे मी सहा वर्षांत तोंड उघडलं नव्हतं. पदर धरून कसंबसं सांगितलं. ते रागावले, पण हट्टी नव्हते. त्यांनी मला पाच खड्डे खणून रिकामेच बुजवायला लावले. पाच डबे हातमोजे घालून स्वतः पुरले. बिजली माझ्या पाचही खड्ड्यांवर ऐटीत बसली. साहेबांचे तीन डबे ओलांडून गेली.

"सोमवार कॅन्सल," साहेब म्हणाले. यादगिरीला मेमो मिळाला. मला मैदानात बंदी.

पुढे तीन महिने रोज नवा माणूस डबे पुरी, आणि बाजूला रिकामे खड्डेही तोच खणून बुजवी. बिजली चुकली, चिडली, शिकली. मग ड्यूटीवर गेली.

पावसाळा संपता संपता यादगिरी किचनमध्ये आला. म्हणाला, कच्च्या रस्त्यावर बिजली बसली ती उठेना. खणलं तर खाली सुरुंगाची वायर निघाली. मी तिला कलेजी जास्त वाढली.

कुत्र्याची परीक्षा घेताना डबा कोणी पुरला ते आधी विचारावं. एवढंच मी शिकले.

यादगिरी स्टुलावर बसून पाय चोळत होता. "गुडघे लई दुखतात, अम्मा."

"दुखू द्या," मी म्हटलं. "आहेत म्हणून दुखतात."