विनताबाईंच्या आवाजातली शाळा

विनता घाटपांडे यांच्या चौथीच्या वर्गात पन्नासच्या वर मुलं होती. त्यांतली एक बोलत नसे.

१९६५चा सप्टेंबर होता. सीमेवर लढाई पेटली होती आणि जबलपूरचा तोफांचा कारखाना रात्रंदिवस चालू होता. वसाहतीतल्या प्राथमिक शाळेच्या काचांवर ब्लॅकआउटसाठी काळा कागद डकवला होता. तो दिवसाही कोणी काढत नसे, त्यामुळे मुलं अर्ध्या अंधारात पाढे म्हणत. नव्या भरतीतल्या कामगारांची पोरं रोज दाराशी येत आणि जागा नाही म्हणून परत जात.

विनताबाई जबलपूरच्याच. वडील रेल्वेत होते. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि दोन्हींत त्यांची जीभ सारखीच चाले. शिक्षकाचं प्रशिक्षण त्यांनी प्रथम श्रेणीत पुरं केलं होतं. त्या अभ्यासक्रमात 'बुद्धी' आणि 'स्वभाव' असे दोन वेगळे धडे होते. बुद्धी उंचीसारखी असते, ज्याला जितकी मिळाली तितकी, हे त्यांनी तिथून उचललं आणि अकरा वर्षं कधी तपासून पाहिलं नाही. तशी गरजही पडली नव्हती. त्यांच्या वर्गाचा निकाल शाळेत सगळ्यांत चांगला लागे. टेबलावर लाकडी पट्टी असे. ज्याला उत्तर येत नसे त्याने हात पुढे करायचा. त्या काळी याला कोणी मारणं म्हणत नसे.

न बोलणारी मुलगी म्हणजे ज्योती. तिचे वडील पुंडलिक खोंडे उमरेडहून आलेले, कारखान्यात लेथवर काम करणारे टर्नर. पहिल्या दोन इयत्ता ती गावी मराठी शाळेत शिकली आणि मग इथे हिंदी शाळेत तिसरीत, तेव्हाही विनताबाईंच्याच वर्गात, आली. दीड वर्षात तिने वर्गात एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. नाव घेतलं की ती उठे, खाली बघे आणि विचारण्याआधीच हात पुढे करी.

हेडमास्तर पचौरीजींनी तिला एकदा खोलीत बोलावून घेतलं. विनताबाई बाजूला उभ्या होत्या.

"बिटिया, शिक्षा अच्छी लगती है?"

ज्योतीने मान हलवली. नाही.

"अरे, क्यों? शिक्षा तो सबको मिलनी चाहिए."

ज्योतीने घाबरून बाईंकडे पाहिलं. "सबको नहीं," ती पुटपुटली. "जिसकी गलती, उसको."

सरांनी शिक्षणाचं विचारलं होतं; विनताबाईंना हसू आवरेना. मुलगी वर्गाकडे गेल्यावर त्यांनी समजावलं, "सर, हम मराठी लोगों में शिक्षा मतलब सज़ा."

"वाह बहनजी!" पचौरीजी खुर्चीत मागे रेलून हसले. "मतलब आप पढ़-लिखकर सज़ा-विभाग में भरती हुई हैं?" मग त्यांनी चष्मा पुसला. "चलो, एक शब्द का हुआ सो हुआ. बाकी डेढ़ साल? बाहर बीस बच्चे खड़े हैं. लड़की मंदबुद्धि है, आप लिखकर दे दीजिए. नाम काट देंगे, जगह खाली होगी."

विनताबाईंचं मतही तेच होतं. फक्त लिहून देण्याआधी घरी सांगावं, एवढा रिवाज त्यांनी पाळायचं ठरवलं. त्याच संध्याकाळी त्या खोंड्यांच्या क्वार्टरवर गेल्या.

दार ज्योतीच्या आईने, बेबीने, उघडलं. हात कणकेने भरलेले होते.

"या ना बाई. काहून जी, काही केलं का पोरीनं?"

"बोलायचं होतं थोडं. ज्योती कुठे आहे?"

"मागं आंगनात. तिची शाळा चालू आहे. या वक्ती आवाज देल्ला का चिडते ती. बसा, मी चहा ठेवतो."

मागच्या अंगणातून आवाज येत होता. विनताबाई आधी चपापल्या, कारण तो आवाज त्यांचा स्वतःचा होता. शब्द त्यांचे, हेल त्यांचा, वाक्य संपताना येणारा कोरडा खोकलासुद्धा त्यांचा. त्या दाराच्या फटीशी गेल्या.

अंगणात तांबे, पेले, गडू रांगेने मांडले होते. ज्योती आईचं लुगडं खांद्यावर टाकून समोर उभी होती. हातात लाटणं. ती अपूर्णांक शिकवत होती. अंश वर, छेद खाली, छेद सारखे कसे करायचे, सगळं ओळीने. मंगळवारी फळ्यावर विनताबाईंकडून एक बेरीज चुकली होती आणि त्यांनी ती खोकून पुसली होती. ज्योतीने ती बेरीज तशीच चुकवली आणि खोकून हवेतला फळा पुसला.

विनताबाई फटीशी आणखी सरकल्या. त्यांनी चौकट धरली. दीड वर्षातलं काहीही या मुलीच्या डोक्याबाहेर पडलेलं नव्हतं.

"पीछे वाली, खड़ी हो," ज्योती म्हणाली. शेवटच्या रांगेत एक पेला पालथा ठेवला होता. ती त्याच्यापाशी गेली. "ज्योती खोंडे. बोल. बोलती क्यों नहीं? दिमाग घर छोड़कर आई है? हाथ आगे."

लाटणं पेल्यावर बसलं. एकदा, दोनदा, मग पुन्हा.

"तो पेला सारा चेपून टाकला तिनं," बेबी मागून हळूच म्हणाली. "मी इचारलं, काहून वं, त्यालेच काहून मारून राहिली? तर म्हणते, त्याले सारं येते, सांगत नाही म्हणून."

चहा झाला होता. विनताबाईंनी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. कशासाठी आलो हे त्यांनी सांगितलं नाही. "उद्या तिला पाठवा शाळेत," एवढंच म्हणाल्या. घरी जाईपर्यंत तो आवाज कानातून गेला नाही. आपण असे बोलतो, हे त्यांना छत्तिसाव्या वर्षी कळत होतं.

सकाळी त्या पचौरीजींकडे गेल्या.

"सर, उससे कुछ मत पूछिए. उसे पूछने दीजिए."

"नाटक करवाएँगी, बहनजी?"

"आप दरवाज़े पर खड़े रहिए. बस."

वर्गात त्यांनी ज्योतीच्या हातात खडू दिला आणि स्वतः जाऊन शेवटच्या बाकावर, तिच्या जागी बसल्या. गुडघे बाकाला अडले. ज्योती फळ्यापाशी उभी राहिली आणि खाली बघत राहिली. मुलं खिदळू लागली. पचौरीजींनी दारातून घड्याळ पाहिलं.

"बहनजी," विनताबाईंनी मागून विचारलं, "आज क्या पढ़ाएँगी?"

वर्ग खो-खो हसला. ज्योतीने मान वर केली. ती खोकली, अगदी त्यांच्यासारखी. आणि हसणं थांबलं.

तिने अपूर्णांक शिकवले. उदाहरणं मांडली, सोडवली, पुढच्या रांगेतल्या मुलाची चूक पकडून दुरुस्त केली. पचौरीजी हळूहळू दारातून आत आले. फळ्यावरचं एकेक उत्तर त्यांनी बोटांवर पडताळून पाहिलं. चेहऱ्यावरची थट्टा पार गेली होती. "नाम रहेगा," ते बाकाशी वाकून म्हणाले. "मगर ये लड़की बोल किसकी आवाज़ में रही है?" उत्तराची वाट न पाहता ते निघून गेले.

काम झालं होतं. आता उठून खडू परत घ्यावा, असं विनताबाईंच्या मनात आलं. तेवढ्यात ज्योती म्हणाली, "पीछे वाली, खड़ी हो."

विनताबाई उभ्या राहिल्या. सगळ्या माना मागे वळल्या.

"तीन बटे चार बड़ा कि दो बटे तीन?"

अकरा वर्षं त्या हेच शिकवत आल्या होत्या. पण एवढे डोळे एकदम त्यांच्यावर रोखले गेले होते. उत्तर कुठेतरी होतं, आणि तिथवर जायची वाट बंद झाली होती. त्यांनी खाली पाहिलं.

"बोलती क्यों नहीं?" ज्योतीने टेबलावरची पट्टी उचलली.

कोणी काही म्हटलं नव्हतं. पण पट्टी उचलताच माना पुन्हा समोर वळल्या आणि पहिल्या रांगेतले हात पुढे आले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. हुशार मुलं, ढ मुलं, ज्यांना कधी पट्टी बसली नव्हती तीही. अर्ध्या अंधारात तळहातांच्या रांगा. शेवटच्या बाकावरून विनताबाईंना त्या पहिल्यांदाच मागून दिसल्या. प्रत्येक मुलाची मान खांद्यात गेलेली होती.

ज्योती रांगांमधून चालत त्यांच्यापर्यंत आली. विनताबाईंनी हात पुढे केला. तिने पट्टी मारली. जोरात.

"बैठ जाओ," ती म्हणाली.

वर्गात कोणी हसलं नाही. हात अजून पुढेच होते.