कोटाआधीचे बाबा

बाबांच्या तेरवीला जो फोटो लागला, त्यात त्यांच्या अंगात निळा कोट होता आणि गळ्यात लाल टाय. उभ्या जन्मात त्यांनी कोट घातला नव्हता. पण आमच्या सिंदीतल्या स्टुडिओत तेव्हा पद्धतच पडली होती. माणूस गेला की घरच्यांनी कुठल्या तरी लग्नातला फोटो नेऊन द्यायचा, स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर त्यातलं तोंड कापून कोटावर बसवायचं आणि मागे एक धबधबा सोडायचा. कोट एकच. त्यामुळे गावातले निम्मे स्वर्गवासी आजही एकाच कोटात भिंतीवर आहेत. यावर मी पूर्वी पोट धरून हसायची. आमच्याच भिंतीवर तो कोट आला तेव्हा हसू कुठल्या कुठे गेलं.

आईनं हार घातला. पुढे कधी तरी ज्वारी निवडता निवडता म्हणाली, “तोंड त्यायचं हाये. पन खांदे कोनाचे लावले?”

बाबांचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. लग्नानंतर एकदा बैलगाडी उलटली होती, तेव्हा मोडलेलं हाड वाकडंच जुळलं. शर्ट सतत त्या बाजूला घसरायचा आणि आई जाता-येता तो सारखा करायची. बाबा “राहू दे न” म्हणायचे, पण तिचं होईस्तोवर उभे राहायचे. कोटवाल्याचे खांदे एका रेषेत होते. त्या फोटोपुढे आईला सारखं करण्याजोगं काही उरलंच नव्हतं.

घरात दुसरा फोटो नव्हता. आई-बाबांच्या लग्नातला होता तो गाडी उलटण्याआधीचा, आणि मतदार ओळखपत्रावर माणूस गळ्यापर्यंतच असतो. म्हणजे हे तोंड ज्या फोटोतून कापलं, तो अख्खा मिळाला तरच आईला तिचा माणूस दिसणार होता. मी तेव्हा वर्ध्याला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. शिकायला येणाऱ्यांच्या हरवलेल्या फाइली शोधून देण्यात माझा दिवस जायचा. म्हटलं, आता घरची एक शोधू.

स्टुडिओवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, “कोट आवडला नाई का ताई? आता काळा पन आला हाये.” मी राग गिळला आणि मूळ फोटो मागितला. त्यानं सीडी भरून दिली. तीत कोटाची फाइल होती आणि एक चौकोनी फोटो, गळ्यापासून वर कापलेला. “मले येवढंच भेटलं होतं. तेरवीच्या घाईत कोनं आनून देल्लं, थे ध्यानात नाई,” तो म्हणाला.

क्लासमध्ये एक लहानसं सॉफ्टवेअर होतं. कॅमेरा फोटो काढताना फाइलच्या पोटात बरंच काही लिहून ठेवतो, ते वाचून दाखवायचं: कॅमेरा कुठला, तारीख कोणती, पुढे फाइल कुठल्या सॉफ्टवेअरच्या हातून गेली. कोटाच्या फाइलनं फक्त स्टुडिओचं सॉफ्टवेअर सांगितलं. चौकोनी फोटोनं मात्र तारीख दिली, मे महिन्यातली. आईला फोनवर विचारलं तर ती लगेच म्हणाली, “थ्या दिवशी आपन तळेगावले गेल्तो न, तुह्या आत्याच्या पोरीच्या लग्नाले.” आमच्या नात्यात तेव्हा डिजिटल कॅमेरा एकाकडेच होता, नवरीच्या भावाकडे, म्हणजे माझ्या नागपूरच्या आतेभावाकडे.

त्याला फोन लावला. तो म्हणाला, “स्टुडिओवाल्यानं मामाचं तोंड पाह्यजे म्हटलं, म्हून मीच कापून देल्तं.”

“आणि अख्खा फोटो?”

“मंग कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आला ताई. फॉर्मॅट मारला.”

त्या काळी कॉम्प्युटर नुसता शिंकला तरी लोक फॉर्मॅट मारत. आतेभावाला वाईट वाटलं, मला त्याहून जास्त. मामा त्या फोटोत काय करत होते, हेही त्याला आठवेना. फोन ठेवला आणि बाबा गेल्याचं मला पुन्हा एकदा पहिल्यापासून कळलं. किती आठवण आली म्हणून सांगू. त्यांच्या शर्टाची, घामाची, उगाच काढलेल्या भांडणांचीसुद्धा.

चौकोनी फोटोची फाइल बंद करायच्या आधी त्या सॉफ्टवेअरमधलं, मी कधीच न दाबलेलं एक बटण दाबलं, काही आशा नसताना. आणि बाबा समोर आले.

झालं होतं असं, की कॅमेरा मोठ्या फोटोबरोबर त्याच फाइलमध्ये त्याची एक चिमुकली प्रतही ठेवतो. आतेभावाच्या सॉफ्टवेअरनं मोठा फोटो कापला आणि चिमुकलीला हात लावायचं विसरलं. आगपेटीहून लहान चित्र. मांडव, पंगत, आणि मांडवाच्या लाकडी बल्लीजवळ अख्खे बाबा. गळ्यातला दुपट्टा डाव्या बाजूनं घसरलेला, कारण खांदा खाली.

आईला सांगितलं तर ती रविवारी पॅसेंजरनं वर्ध्याला आली. क्लास रिकामा होता. खुर्चीत बसवलं तरी ती टेकली नाही, पुढे वाकून बघत राहिली. तिला नीट दिसावं म्हणून मी चित्र मोठं करायला लागले, तर बाबांचे चौकोनी तुकडे व्हायला लागले. आईनं माझं मनगट धरलं.

“नको करू मोठा,” ती म्हणाली. “वावरातून येताना रुळापलीकून ते येवढेच दिसत. खांद्यावरून वळखू येत. मंग मी चाय मांडत होती.”

मी चित्र पुन्हा लहान केलं. आम्ही दोघी पडद्याकडे पाहत बसलो. बाबा काही जवळ येत नव्हते.